दोन हातांवर पेललेला ऑपेरा : फ्रान्झ लिस्टची गोष्ट

कमिटीनं स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा मी पाण्याच्या टाकीवर लिहीन अशी बहुतेकांची समजूत होती. ते खातं बरीच वर्षं माझ्याकडे होतं, त्यामुळे समजूत चुकीची नाही. पण पाण्याबद्दल आपण जनरल बॉडीत पुष्कळ बोललो आहोत. पंचविसाव्या वर्षी तरी दुसरं काही बोलू या, म्हणून माझ्या आवडीच्या एका माणसाबद्दल लिहायचं ठरवलं. रविवारी सकाळी माझ्या खिडकीतून जो पियानो ऐकू येतो (आणि ज्याबद्दल ए विंगमधून दोनदा निरोप आला आहे), तो बहुतेक वेळा या माणसाचाच असतो. नाव फ्रान्झ लिस्ट. वाण्याच्या लिस्टशी काही संबंध नाही. हा विनोद आमच्या घरात फार पूर्वी करून झाला आहे.

लिस्ट तुम्ही ऐकलेला आहे. ‘टॉम अँड जेरी’च्या एका भागात टॉम काळा कोट घालून स्टेजवर पियानो वाजवतो आणि जेरी पियानोच्या आत झोपलेला असतो. ती धून लिस्टची, त्याची दुसरी हंगेरियन रॅप्सोडी. पण मला सांगायचंय ते त्याच्या दुसऱ्याच एका कामाबद्दल. त्यानं आयुष्यभर इतरांचे ऑपेरा पियानोवर उतरवले. या कामाची त्याच्या हयातीत वाहवा झाली, मेल्यावर कुचेष्टा झाली, मग लोक ते विसरले, आणि जवळजवळ शंभर वर्षांनी काही वेड्या माणसांनी कागद हुडकून हुडकून ते पुन्हा वाजवलं.

ऑपेरा म्हटलं की मुंबईकराला आधी बसस्टॉप आठवतो. म्हणून थोडं सांगतो. आपल्या संगीत नाटकात बोलणं असतं आणि मध्ये पदं असतात. ऑपेरात बहुतेक सगळंच गायचं. भांडणसुद्धा गाऊन. खाली साठ-सत्तर वादकांचा वाद्यवृंद, वर गायक, मागे कोरस, पडदे, घोडे, आगी. हा सगळा डोलारा एका गावाहून दुसऱ्या गावाला न्यायचा म्हणजे केवढा खर्च! आणि काळ १८३०-४०चा. रेडिओ नाही, तबकडी नाही. मिलानला किंवा पॅरिसला एखादा ऑपेरा गाजला तर दूरच्या गावातल्या माणसानं तो ऐकायचा कसा? आपल्याकडेही ज्यांना नाटक बघायला मिळत नव्हतं त्यांच्यापर्यंत नाट्यपदं कुणाच्या तरी पेटीवरून, लग्नाच्या बँडवरून पोचली. तिकडे हे काम पियानोनं केलं. आणि पियानोवर हे काम लिस्टइतकं कुणी केलं नाही.

तो जन्मला २२ ऑक्टोबर १८११ ला, रायडिंग नावाच्या खेड्यात. ते तेव्हा हंगेरीच्या राज्यात होतं, आता ऑस्ट्रियात आहे. वडील आदाम हे एस्टरहाझी या बड्या जमीनदार घराण्याच्या नोकरीत, मेंढ्यांच्या कळपांचा हिशेब ठेवणारे. मन मात्र संगीतात. स्वतः चेलो वाजवायचे, आणि याच घराण्याच्या पदरी असलेल्या हायडनला त्यांनी पाहिलेलं होतं. मुलाचा हात चांगला आहे हे कळल्यावर त्यांनी जे केलं ते आपल्याकडचे किती बाप करतील कोण जाणे. १८२२ मध्ये नोकरी, घर मागे टाकून बिऱ्हाड व्हिएन्नाला हलवलं. तिथे चेर्नी नावाचे गुरू मिळाले, बेथोवनचे शिष्य. पियानो शिकणाऱ्या मुलांना चेर्नीचे अभ्यास अजून घोटावे लागतात. आपल्या सोसायटीतल्या दोन मुली सध्या त्याच दुःखात आहेत. मुलाचा हात बघून चेर्नींनी पुढे फी घेणंच बंद केलं. लिस्ट हे विसरला नाही. वयाच्या उत्तरार्धात त्यानं शेकडो विद्यार्थी शिकवले, कुणाकडून पै घेतली नाही.

पुढच्याच वर्षी पॅरिस. तिथल्या सरकारी संगीत विद्यालयानं परदेशी म्हणून प्रवेश नाकारला. गंमत अशी की विद्यालयाचे प्रमुख केरुबिनी स्वतःच इटालियन होते. तरी मुलाचं नाव झालं. इतकं की १८२५ च्या ऑक्टोबरात, चौदा वर्षं पुरी व्हायला पाच दिवस असताना, त्याचा ‘डॉन सांश’ हा एक अंकी ऑपेरा पॅरिसच्या मुख्य ऑपेरागृहात लागला. चार प्रयोग झाले आणि बंद पडला. स्वरलिपी तिथेच राहिली. १८७३ मध्ये त्या ऑपेरागृहाला आग लागली तेव्हा तीही जळाली असं सगळे धरून चालले. १९०३ मध्ये ती सापडली, तोवर लिस्टला जाऊन सतरा वर्षं झाली होती. लिस्टच्या रचना हरवण्या-सापडण्याचं हे पहिलं प्रकरण.

१८२७ मध्ये वडील आजारी पडून गेले. मुलगा पंधरा वर्षांचा. आईला पॅरिसला आणून तो शिकवण्या करू लागला. एका मंत्र्याच्या मुलीला शिकवताना तिच्यावर जीव जडला. मंत्र्यानं दार दाखवलं. पोरगा असा खचला की १८२८ मध्ये एका वर्तमानपत्रानं तो वारल्याची बातमी छापून टाकली. मेलेल्या माणसाच्या तसबिरी म्हणे दुकानात लागल्या. खरं म्हणजे तो घरात बसून पुस्तकं वाचत होता.

१८३२ मध्ये त्यानं पागानिनीचं व्हायोलिन ऐकलं. एका वाद्यातून इतकं निघू शकतं हे कळल्यावर तो पियानोला नव्यानं भिडला, दिवसाचे तासन् तास. पियानो हे तसं एकट्याचं वाद्य, पण त्याला त्यात सगळा वाद्यवृंद दिसायला लागला. मित्र बेर्लिओझची ‘फँटॅस्टिक सिम्फनी’ त्यानं अख्खी पियानोवर उतरवली आणि पदरमोड करून १८३४ मध्ये छापली. जर्मनीत शुमाननं त्या सिम्फनीवर मोठा लेख लिहिला, तो मूळ वाद्यवृंद न ऐकता, लिस्टची ही पियानोची प्रत समोर ठेवून! बेर्लिओझचं नाव जर्मनीत गेलं ते असं.

आता ऑपेरा. पॅरिसमध्ये तेव्हा ऑपेराचं वेड होतं, आणि गाजलेल्या ऑपेराच्या सुरावटी गुंफून पियानोवर ‘फँटसी’ करायची हे सगळेच वादक करत. त्यात सर्वांत नावाजलेला होता थालबर्ग. त्याची एक युक्ती होती. दोन्ही हातांचे अंगठे मधल्या पट्टीत गाणं वाजवत राहायचे, आणि बाकीची बोटं त्याच्या खाली-वर स्वरांचे झरे सोडायची. ऐकणाऱ्याला वाटायचं, याला तीन हात आहेत. लोक उभे राहून बघायचे. ३१ मार्च १८३७ ला बेलजोयोसो नावाच्या एका सरदारकन्येनं दोघांना आपल्या दिवाणखान्यात एकाच दिवशी वाजवायला बोलावलं. इटलीतून परागंदा झालेल्या लोकांच्या मदतीसाठी कार्यक्रम, तिकीट चाळीस फ्रँक. थालबर्गनं रोसिनीच्या ‘मोझेस’वरची फँटसी वाजवली, लिस्टनं पाचिनीच्या ‘निओबे’वरची. कोण जिंकलं यावर अजून वाद घालता येईल. बाईंनी दोघांनाही खूश ठेवलं असं दिसतं.

याच बाईंनी आणखी एक कल्पना काढली. बेल्लिनीच्या ‘प्युरिटानी’ या ऑपेरातल्या एका मार्चवर सहा जणांनी एकेक आवर्तन लिहायचं : लिस्ट, थालबर्ग, पिक्सिस, हर्झ, गुरू चेर्नी आणि शोपाँ. कार्यक्रमाच्या तारखेपर्यंत ते पुरं झालंच नाही. (सहा जणांची कमिटी! आपल्याला नवल वाटायला नको.) शेवटी लिस्टनं सगळे तुकडे जोडले, मधले दुवे लिहिले, शेवट लिहिला. त्याचं नाव ‘हेक्सामेरॉन’. बाकीचे सगळे धावाधाव करतात आणि मध्ये शोपाँचं आवर्तन येतं, हळू आवाजात, जणू खोलीत कुणीच नाही.

यानंतरची दहाएक वर्षं म्हणजे नुसता प्रवास. मधल्या काळात मारी दागू ही सरदारपत्नी नवऱ्याला सोडून त्याच्याबरोबर आली होती. तीन मुलं झाली : ब्लांदिन, कोसिमा आणि दानिएल. संसार काही टिकला नाही, कारण हा माणूस घरात नसायचाच. मुलं आजीकडे वाढली. इथे मला त्याचा राग येतो, तो लपवत नाही. लिस्बनपासून मॉस्कोपर्यंत आणि इस्तंबूलपर्यंत, हाडं खिळखिळी करणाऱ्या घोडागाडीतून तो फिरला. बर्लिनमध्ये लोकांनी असा धुमाकूळ घातला की हाइने या कवीनं त्या वेडाला लिस्टचंच नाव देऊन टाकलं. बायका त्याचे हातमोजे पळवत. पियानो प्रेक्षकांना आडवा ठेवणं, समोर कागद न ठेवता वाजवणं, अख्खा कार्यक्रम एकट्यानं करणं, या चालीही त्यानंच रूढ केल्या. एकट्याच्या कार्यक्रमाला ‘रिसायटल’ हे नाव १८४० मध्ये लंडनला त्याच्या जाहिरातीत आलं.

या फिरतीत त्यानं जे वाजवलं त्यात ऑपेरांचा वाटा फार मोठा होता. ‘लुचिया’, ‘रोबेर’, ‘सोनाम्बुला’, ‘नॉर्मा’, मोझार्टचा ‘डॉन जोव्हान्नी’. रशियातल्या किंवा पोर्तुगालमधल्या कित्येकांनी एखादा ऑपेरा पहिल्यांदा ऐकला तो लिस्टच्या दहा बोटांतून.

‘नॉर्मा’बद्दल जरा सांगायलाच हवं, कारण नुसत्या चाली वाजवणं आणि हे, यातला फरक तिथे कळतो. बेल्लिनीची ‘नॉर्मा’ ही एका पुजारणीची गोष्ट. शत्रूच्या सेनापतीवर प्रेम, त्याच्यापासून दोन मुलं, त्याचा विश्वासघात, आणि शेवटी सगळ्यांसमोर गुन्हा कबूल करून ती स्वतः चितेवर चढते. या ऑपेरातलं सर्वांत लाडकं गाणं म्हणजे चंद्राची प्रार्थना, ‘कास्ता दिवा’. दुसऱ्या कुणीही त्यानंच सुरुवात केली असती. लिस्टनं १८४१ च्या आपल्या रचनेत ते घेतलंच नाही. त्यानं एका बाजूला युद्धाला निघालेल्या लोकांचा आवाज घेतला आणि दुसऱ्या बाजूला नॉर्मा मरण्यापूर्वी बापाला मुलांना सांभाळायला विनवते तो प्रसंग. मधल्या विनवणीत थालबर्गची तीन हातांची युक्ती आहे, पण इथे ती युक्ती वाटत नाही, खाली नगारे आणि मध्ये एक बाई बोलतेय असं वाटतं. शेवटी दोन्ही सुरावटी एकमेकींवर चढतात. अडीच तासांच्या नाटकाचं सार सोळा-सतरा मिनिटांत येतं. याला ‘उतरवणं’ म्हणणं कमीच आहे.

पण या यशाचा त्रासही होता. २५ एप्रिल १८४१ ला पॅरिसमध्ये बेथोवनच्या पुतळ्यासाठी मदतीचा कार्यक्रम होता. पुतळ्याच्या फंडात खड्डा पडला होता, तो भरून काढायला लिस्टनंच पुढाकार घेतला होता. बेर्लिओझ वाद्यवृंद चालवत होता, सगळा कार्यक्रम बेथोवनचा. आणि श्रोते मध्येच ओरडायला लागले : ‘रोबेर’ची फँटसी हवी! शेवटी लिस्ट चिडून पियानोवर बसला आणि वाजवून मोकळा झाला. त्या गर्दीत एक कफल्लक जर्मन वार्ताहर बसला होता, त्यानं वर्तमानपत्रात यावर बोचरं लिहिलं. त्याचं नाव रिचर्ड वाग्नर. लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

सप्टेंबर १८४७, युक्रेनमधलं एलिझाबेथग्राड. लिस्टनं पैसे घेऊन केलेला शेवटचा कार्यक्रम. वय ३५. यानंतर तो एकोणचाळीस वर्षं जगला, पण स्वतःच्या कमाईसाठी पुन्हा कधी वाजवलं नाही. कुठे पूर आला, कुठे आग लागली, कुठे स्मारक व्हायचंय, तर वाजवायचा. आजच्या भाषेत सांगायचं तर करिअरच्या ऐन भरात राजीनामा.

तो वायमार या छोट्या जर्मन संस्थानात दरबारी संगीतप्रमुख झाला. पोलंडच्या घराण्यातली राजकुमारी कारोलीन बरोबर होती. नवऱ्यापासून सुटका मिळावी म्हणून ती वर्षानुवर्षं झगडत होती. इथे लिस्टनं दुसऱ्यांचेच ऑपेरा रंगमंचावर आणायला घेतले. १८४९ मध्ये ड्रेस्डेनच्या उठावात भाग घेतल्यामुळे वाग्नरवर पकड वॉरंट निघालं. लिस्टनं त्याला लपवलं, पैसे आणि परवाना मिळवून देऊन स्वित्झर्लंडला पळायला मदत केली. पुढच्या वर्षी २८ ऑगस्टला त्याचा ‘लोहेनग्रिन’ वायमारच्या लहानशा वाद्यवृंदाकडून पहिल्यांदा सादर केला. वाग्नर स्वतः हद्दपार असल्यामुळे आपल्याच ऑपेराचा पहिला प्रयोग ऐकू शकला नाही. लिस्ट तेवढ्यावर थांबला नाही. ‘टानहॉयझर’, ‘लोहेनग्रिन’मधले भाग त्यानं पियानोवर आणले. ज्या गावात वाग्नरचे प्रयोग कुणी करणार नव्हतं तिथे निदान हे कागद जात होते.

स्वतःचा ऑपेरा? त्यानं घेतला होता लिहायला. बायरनच्या नाटकावरचा ‘सार्दानापालो’, इटालियनमध्ये. शंभरावर पानं लिहिली आणि १८५२ च्या सुमारास बाजूला ठेवला. वही वायमारच्या दप्तरात राहिली.

१८५८ मध्ये त्यानं कॉर्नेलियस या शिष्याचा नवा ऑपेरा लावला, तेव्हा विरोधकांनी प्रेक्षागृहात शिट्ट्या घातल्या. लिस्टनं पद सोडलं. पुढच्या वर्षी, १८५९ मध्ये, त्यानं व्हेर्दीच्या ‘रिगोलेटो’मधल्या चौघांच्या गाण्यावर एक छोटी रचना केली. एक छचोर सरदार एका बाईला गोड बोलतोय, ती हसतेय, आणि बाहेर अंधारात त्यानं फसवलेली मुलगी आणि तिचा बाप हे ऐकतायत. चार माणसं, चार वेगळ्या भावना, एकाच वेळी. पियानोवर हात दोनच! तरी चौघंही ऐकू येतात, बाईचं हसूसुद्धा. ही रचना त्यानं आपला लाडका शिष्य हान्स फॉन ब्यूलो याच्या कार्यक्रमांसाठी केली. ब्यूलो तेव्हा त्याचा जावई होता. कोसिमा त्याला दिली होती.

त्याच वर्षी डिसेंबरात मुलगा दानिएल वीस वर्षांचा होऊन वारला. १८६२ मध्ये बाळंतपणानंतर मोठी ब्लांदिन गेली. मधल्या वर्षी, १८६१ मध्ये, लिस्टच्या पन्नासाव्या वाढदिवसाला रोममध्ये कारोलीनशी लग्न ठरलं होतं, आदल्या संध्याकाळी चर्चनं परवानगी अडवली. पुढे दोघांनी तो विषयच सोडला. १८६५ मध्ये लिस्टनं चर्चची खालच्या पायरीची दीक्षा घेतली (पूर्ण पाद्री तो कधी झाला नाही), आणि काळा झगा शेवटपर्यंत अंगावर राहिला.

उरलेल्या एका मुलीचं काय झालं हे सांगायला जीभ रेटत नाही, पण गोष्ट तिथेच आहे. कोसिमा ब्यूलोची बायको असतानाच वाग्नरकडे ओढली गेली. १८६५ च्या एप्रिलमध्ये तिला वाग्नरपासून मुलगी झाली. नाव ठेवलं इझोल्डे. दोनच महिन्यांनी म्युनिकमध्ये वाग्नरच्या ‘ट्रिस्टान आणि इझोल्डे’चा पहिला प्रयोग झाला आणि तो कोणी चालवला? ब्यूलोनं. लिस्टच्या बाजूनं विचार करा. मुलगी आपली, फसवला गेलेला शिष्य मुलासारखा, आणि फसवणारा तो, ज्याला आपण पोलिसांपासून वाचवलं. आणि १८६७ मध्ये लिस्टनं काय केलं, तर त्याच ऑपेराचा शेवट, इझोल्डे प्रियकराच्या प्रेतापाशी उभी राहून गाते तो भाग, पियानोवर उतरवला. इथे फँटसी नाही, कोलांट्या नाहीत. मूळ संगीताच्या वाटेतून स्वतःला जवळजवळ पूर्ण बाजूला काढलंय. माणसावरचा राग संगीतावर काढला नाही. मला हे जमलं नसतं. पार्किंगच्या वादानंतर मी एका शेजाऱ्याच्या घरच्या सत्यनारायणाला गेलो नव्हतो, ते या निमित्तानं आठवलं.

पुढे कोसिमानं वाग्नरशी लग्न केलं. बापलेक काही वर्षं बोलत नव्हते, १८७२ मध्ये समेट झाला. लिस्टचं म्हातारपण रोम, वायमार आणि बुडापेस्ट अशा तीन गावांत वाटलेलं. बुडापेस्टला १८७५ मध्ये संगीत अकादमी निघाली, तिचा तो पहिला अध्यक्ष. डोळे अधू होत गेले, तरी चायकोव्हस्कीच्या ‘ओनेगिन’मधलं नृत्य, ‘आईदा’चा शेवट असं काही काही चालूच होतं. १८८२ मध्ये, सत्तरी उलटल्यावर, व्हेर्दीच्या ‘सिमोन बोकानेग्रा’वर त्यानं अशी शेवटची रचना केली. ती टाळ्यांसाठी नाहीच. विरळ, गडद, जुन्या ओळखीच्या माणसाशी कमी शब्दांत बोलल्यासारखी.

१८८६ च्या जुलैत कोसिमानं वडिलांना बायरॉइटला बोलावलं. वाग्नर तीन वर्षांपूर्वी वारला होता आणि त्याचा महोत्सव ती चालवत होती. महोत्सवाला लिस्टचं नाव हवं होतं. खोकत खोकत तो आला, ‘ट्रिस्टान’च्या प्रयोगाला बसला, आणि ३१ जुलैच्या रात्री न्यूमोनियानं गेला. प्रयोग थांबले नाहीत. त्याच्यासाठीच्या प्रार्थनेच्या वेळी चर्चमध्ये ब्रुकनरनं ऑर्गन वाजवला, तोही वाग्नरच्या ‘पार्सिफाल’मधल्या सुरावटींवर. लिस्टचा स्वतःचा एक स्वरही नाही.

एडिसनचा फोनोग्राफ १८७७ मध्ये आला होता. ब्राम्सचा पियानो १८८९ मध्ये, खरखरीत का होईना, मेणाच्या नळकांड्यावर उतरला. लिस्टचा हात कसा पडायचा हे मात्र ऐकायला आपल्याकडे काही नाही. लामोंड, साउअर, रोझेंटाल या त्याच्या शिष्यांच्या तबकड्या आहेत, त्यावरून अंदाज बांधायचा.

आणि ज्या यंत्रानं त्याचा आवाज पकडला नाही, त्याच यंत्रानं त्याच्या या कामाची गरज संपवली. ग्रामोफोन, मग रेडिओ. घरबसल्या खरा ऑपेरा ऐकू यायला लागल्यावर पियानोवरचा कशाला? शिवाय जाणकार म्हणू लागले, दुसऱ्याच्या चालींवर कसरती करणं हे हलकं काम. १९०७ पासून जर्मनीत लिस्टच्या समग्र रचना छापायला घेतल्या, ती मालिका अपुरीच राहिली आणि ऑपेरांवरच्या बहुतेक रचना तिच्यात नव्हत्या. जुन्या छापील प्रती संपल्या. ‘डॉन जोव्हान्नी’सारखी एखादी रचना वाजत राहिली, तीही कठीण म्हणून. बुसोनी या इटालियन पियानोवादकानं वायमारच्या हस्तलिखितातून ‘फिगारो’वरची अपुरी फँटसी काढून १९१२ मध्ये छापली, पण आपल्या पसंतीनं एक सबंध भाग गाळून.

मग काही माणसं मागे लागली. अमेरिकेत रेमंड लेवेन्थाल नावाचा पियानोवादक होता. १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये गुंडांनी त्याला मारलं, हाताची हाडं मोडली. पियानोवादकाची! काही वर्षं स्टेजपासून लांब राहून तो विस्मरणात गेलेल्या रचनांच्या मागे लागला, आणि परत आला तेव्हा १९६०च्या दशकात त्यानं ‘हेक्सामेरॉन’ आणि ‘नॉर्मा’ रेकॉर्ड केल्या. पण सगळं काम अंगावर घेतलं ते ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या लेस्ली हॉवर्ड यांनी. १९८६ मध्ये, लिस्टच्या स्मृतिशताब्दीला, त्यांनी लंडनमध्ये लिस्टचेच दहा कार्यक्रम केले. मग हायपेरियन या इंग्रज कंपनीसाठी लिस्टनं पियानोसाठी लिहिलेलं सगळंच्या सगळं रेकॉर्ड करायला घेतलं. एकट्यानं. त्याला दशकाहून जास्त वेळ लागला. कित्येक रचना छापील मिळतच नव्हत्या. वायमार, बुडापेस्ट, वॉशिंग्टन इथल्या ग्रंथालयांतून हस्तलिखितांच्या प्रती मिळवायच्या, खाडाखोड वाचायची, एकाच रचनेची तीन-तीन रूपं निघाली तर तिन्ही वाजवायची, आणि लिस्टनं शेवट लिहिलाच नसेल तर त्याच्या धाटणीनं तो पुरा करायचा. ‘फिगारो’ त्यांनी बुसोनीनं गाळलेल्या भागासकट उभा केला. २०११ मध्ये सगळं एका पेटीत आलं, ९९ सीडी. त्यातले ऑपेरांचे सहा संच आहेत. ज्यांचे मूळ ऑपेरा आता कुठेच लागत नाहीत, असलेही त्यात आहेत. पाचिनीची ‘निओबे’ आज कोण करतं? ती जिवंत आहे ती लिस्टच्या त्या १८३७ च्या फँटसीपुरती.

आणि तो बाजूला ठेवलेला ‘सार्दानापालो’! वहीतली ती पानं केंब्रिजच्या डेव्हिड ट्रिपेट यांनी वर्षं घालून वाचली, वाद्यवृंदासाठी पुरी केली, आणि १९ ऑगस्ट २०१८ ला वायमारमध्येच त्याचा पहिला अंक लोकांनी ऐकला. दुसऱ्यांचे ऑपेरा गावोगाव वाजवणाऱ्या माणसाचा स्वतःचा ऑपेरा, त्याच्या मृत्यूनंतर १३२ वर्षांनी. मी तो ऐकला तेव्हा घरात कुणी नव्हतं, कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम माझ्याकडे होतं आणि ते चुकलं. त्या दिवशीची डाळ कशी झाली हे आमच्या सौ. सांगतील.

कुणाला ऐकायची इच्छा असेल तर ‘रिगोलेटो’पासून सुरुवात करा. सातच मिनिटांची आहे, लहान मुलंही बसतात. मग ‘नॉर्मा’. माझ्याकडे दोन्ही आहेत. बी विंग, तिसरा मजला. रविवारी सकाळी दहानंतर बेल वाजवा, चहा मिळेल. ए विंगमधल्यांनी तर जरूर यावं. जवळून ऐकलं की आवाज कमी ठेवता येतो.